‘थेंब’ ऐकतं कोण?

पॉडकास्ट का सुरू केलास, असं सिक्स्टन ब्रूमानला जो जो विचारी त्याला तो वेगळं उत्तर देई, आणि त्यातलं एकही उत्तर खोटं नसे. हीच खरी पंचाईत होती. बायकोला, गुन्वोरला, त्याने सांगितलं की डोक्यात साचलेलं कुठेतरी मोकळं करायला हवं. माल्मोला असणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं की हल्ली सगळेच करतात. ऑफिसात त्याने ‘लोकशिक्षण’ हा शब्द वापरला. एकदा ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही त्याने कारण सांगून टाकलं. तिने विचारलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता असं त्याचं म्हणणं. बाई पुढच्याच थांब्यावर उतरली. स्वीडनमधल्या त्या गोथेनबर्ग शहरात त्या थांब्यावर उतरून कोणी कुठेही जात नाही.

सिक्स्टन विमा कंपनीत होता. लोकांच्या घरात पाणी मुरलं, झिरपलं, छताला डाग पडला, की ते पाणी आलं कुठून हे शोधून काढायचं, हे त्याचं काम. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या सिंकखाली डोकं घालून काढला होता. पाणी कधी सरळ वाटेने येत नाही. ते चोरासारखं वळसा घालून येतं. डाग पडतो बैठकीत आणि चोर सापडतो वरच्या मजल्यावरच्या न्हाणीत, तोही साळसूद चेहऱ्याने बसलेला. या विषयावर सिक्स्टनपाशी इतकं ज्ञान होतं, की जेवताना त्याने ‘ओल’ हा शब्द काढला की पाहुणे घाईघाईने बटाटे मागायला लागत.

तेव्हा पॉडकास्ट. नाव ठेवलं ‘थेंब’.

“छान आहे,” गुन्वोर म्हणाली. ती शाळेत नर्स होती. “दिवसातून तीनदा घ्यायचे का?”

सिक्स्टनने हे मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

आता एखादा माणूस काही नवीन करायला निघाला आहे हे बिल्डिंगला कळायला तळघरातली कपडे धुण्याची खोली पुरते. तिथे सगळ्यांचं यंत्र एक, वेळापत्रक एक आणि सल्ले अनेक. शेजारचा यालमार तिथे आपले पायमोजे जोडीने लावत बसला होता. हा बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचा निवृत्त कप्तान. इंजिनाच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्याला कमी ऐकू येई, आणि त्याचं बोलणं मात्र पलीकडच्या धक्क्यावर पोहोचे.

“माइक घेतोयस?” तो ओरडला. “घेतोयस तर दणकट घे! स्वस्तातला घेशील तर रडशील!”

सिक्स्टनने दणकट घेतला. त्यात एकच खोट निघाली. त्या माइकला सगळं ऐकू येई. फ्रिजची घरघर, खालून जाणारी ट्रॅम, पलीकडच्या खोलीत गुन्वोरने कडक पावाचा तोडलेला तुकडा, सगळं स्वच्छ. या सगळ्याच्या मागे, दूर कुठेतरी, एक माणूस सिंकबद्दल बोलत होता.

मग पुढचे सल्ले आले. कोणी म्हणालं भिंतींना अंड्यांचे ट्रे लाव. सिक्स्टनने ट्रे जमवायला सुरुवात केली, त्यासाठी आधी अंडी खावी लागली, आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल पाहून तो प्रकल्प बंद केला. कोणी म्हणालं डोक्यावर गोधडी घेऊन बोल. एक भाग त्याने गोधडीखाली केला. ऐकताना असं वाटे की बोलणाऱ्याचं अपहरण झालेलं आहे. शेवटी ऑफिसातल्या एका पोरीने सांगितलं की शहाणी माणसं कपड्यांच्या कपाटात बसून बोलतात, लोकर आवाज पिते.

ब्रूमानांच्या घरात वाटेवर कपड्यांची एक कोठी होती. खिडकी नाही, दिवा एक, आणि आत पिढ्यान्‌पिढ्यांचे लोकरी कोट. गुन्वोरच्या आत्याचा फरकोटही त्यातच होता; तो घालायची कोणाची छाती नव्हती आणि टाकायचीही नव्हती. या कोटांच्या मधोमध सिक्स्टनने स्टूल मांडलं. आवाज खरोखरच सुरेख आला. फक्त दहाव्या मिनिटाला घाम फुटला. त्याने स्वेटर काढला, मग शर्ट काढला, आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपापर्यंत येईतो तो गंजीवर आला होता. विषय मात्र रंगला. सिंकखालचा तो पाइप वाकडा का असतो, त्यात नेहमी थोडं पाणी का राहायला हवं, ते पाणी गटाराच्या वासाला दारवानासारखं कसं अडवतं! बोलता बोलता त्याचा स्वतःचाच आवाज त्याला आवडायला लागला. शेवटचं वाक्य त्याने जवळजवळ गाऊन म्हटलं आणि दार ढकललं.

दार उघडेना. कडी बाहेरून पडली होती.

गुन्वोर गाण्याच्या तालमीला गेलेली. फोन स्वयंपाकघरात. सिक्स्टनने भिंत ठोकली, पण भिंतीपलीकडे यालमार होता, म्हणजे ठोकणं न ठोकणं सारखंच. मग त्याने छत ठोकलं. छताच्या वर इंगेयर्ड राहत होती.

इंगेयर्ड थोर्सेल ही सोसायटीची अध्यक्ष. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, उंच, सरळ, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवणारी. जगात ती फक्त एका गोष्टीपुढे मान तुकवे, ती म्हणजे मोजमाप. तिच्यापाशी सगळ्या घरांची राखीव किल्ली असे. ती खाली आली, कडी काढली, आणि समोर पाहिलं. आत्याच्या फरकोटाला टेकून, गंजीवर, घामाने निथळणारा, कानाला हेडफोन लावलेला विमा कंपनीचा अधिकारी बसला होता.

“सिक्स्टन,” ती म्हणाली, “हे काय चाललंय?”

“लोकशिक्षण,” सिक्स्टन म्हणाला.

त्याच आठवड्यात कमिटीकडे यालमारची तक्रार गेली, की भिंतीतून कोणीतरी पुटपुटतं. इंगेयर्डने दोन आणि दोन चार केले, आणि सिक्स्टनला बैठकीला बोलावणं आलं. मुद्दा असा, की सोसायटीच्या नियमाप्रमाणे राहत्या घरात व्यवसाय करायचा तर परवानगी लागते. पॉडकास्ट हा व्यवसाय आहे काय?

बैठकीत कॉफी आली, दालचिनीचे बन आले, आणि मग प्रश्न आले.

“यातून तुला मिळतं काय?” खजिनदाराने विचारलं.

“काही नाही.”

“आणि खर्च?”

सिक्स्टनने माइकचा आकडा सांगितला. अंड्यांचा सांगितला नाही.

“मग हा व्यवसाय नव्हे,” खजिनदार म्हणाला. “हे व्यसन आहे. व्यसनाबद्दल नियम आहेत का, इंगेयर्ड?”

नियम नव्हते. तेव्हा एक अभ्यासगट नेमायचं ठरलं. सगळ्यांनी उत्साहाने हात वर केले. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की अभ्यास करायचा तर ‘थेंब’ ऐकावा लागेल. हात एक एक करून खाली आले आणि बनकडे वळले. इंगेयर्डचा तेवढा वर राहिला, कारण ती कॉफीचा कप वर धरून बसली होती. अभ्यासगट म्हणजे ती एकटी, अशी नोंद झाली.

जिन्यात सिक्स्टनने यालमारला गाठलं. “तू माझ्याविरुद्ध तक्रार केलीस? इतक्या वर्षांचे शेजारी आपण!”

“विरुद्ध कुठे? नीट ऐकू येत नाही अशी तक्रार केली!” यालमार गरजला. “पुटपुटतोस काय? भिंतीला कान लावला तरी मला नुसतं ‘पाणी शिरलं, पाणी शिरलं’ एवढंच कळतं. पुढे काय झालं त्या जहाजाचं?”

“जहाज नाही. न्हाणीघर आहे.”

यालमारचा चेहरा पडला. “मग राहू दे,” तो म्हणाला. असा सिक्स्टनला पहिला श्रोता मिळाला आणि त्याच जिन्यात गेला.

बाकी श्रोत्यांची स्थिती सांगण्यासारखी नव्हती, तरी सिक्स्टन रोज पाहत असे. एक तो स्वतः. एक गुन्वोर, तीही भाजी चिरताना, पहिल्या भागाच्या अर्ध्यापर्यंत. आणि एक कोणीतरी नॉर्वेतलं, ते बहुधा डोळ्यांत घालायच्या औषधाच्या शोधात आलं होतं, कारण परत फिरकलं नाही. अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. सिक्स्टन का थांबत नव्हता, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे. संध्याकाळी घरी आला की पाय आपोआप कोठीकडे वळत. पाण्याचा माग काढणाऱ्या त्या माणसाला स्वतःतला हा झरा कुठून येतो ते काही सापडत नव्हतं.

मग महिन्याभराने एका गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात इंगेयर्ड.

“अभ्यासगट,” ती म्हणाली. “आत येऊ?”

ती स्वयंपाकघरात बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, “तिसऱ्या भागात तू म्हणतोस, वाकड्या पाइपातलं पाणी महिनाभरात उडून जातं. हे चूक आहे. मी पाहुण्यांच्या न्हाणीत मापून पाहिलं. माझं गेलं नाही.”

“तुझ्या त्या न्हाणीला खिडकी आहे?”

“नाही.”

“मग नाहीच जाणार. वारा लागतो कुठे?”

इंगेयर्डने त्याच्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराने अचानक बरोबर उत्तर द्यावं आणि बाईंनी चमकून पाहावं, तसं. “हे भागात सांगायला हवं होतंस,” ती म्हणाली आणि उठली.

त्या रात्रीच्या जेवणात सिक्स्टनने बटाटे तीनदा वाढून घेतले.

पुढच्या गुरुवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. तिला खिडकीवर साचणाऱ्या दवाबद्दल शंका होती, फरशीच्या उताराबद्दल मतभेद होते, आणि रबरी वायसरबद्दल तर तिचं म्हणणं इतकं ठाम होतं की दोघांनी सिंकखाली डोकी घालून वाद घातला आणि वर येताना एकमेकांवर आपटली. सिक्स्टन आता भागाची तयारी करू लागला. बोलताना मध्येच थांबून म्हणे, “इथे कोणी असं विचारेल, की...” आणि ते कोणी म्हणजे कोण, हे त्या कोठीतल्या कोटांनाही ठाऊक होतं.

“तू केस विंचरून पॉडकास्ट करतोस?” गुन्वोरने एकदा विचारलं.

“आवाजावर परिणाम होतो.”

“होत असेल,” गुन्वोर म्हणाली. तिला मत्सर वाटत नव्हता, कुतूहल वाटत होतं. ज्या विषयापासून आपण इतकी वर्षं अंग चोरलं, त्याच्याकडे एक शहाणी बाई दर आठवड्याला स्वतःच्या पायांनी जिना उतरून येते, हे तिला समजून घ्यायचं होतं. “ती काय विचारते रे?”

“चुका काढते.”

“आणि तुला बरं वाटतं?”

“चूक काढायला आधी ऐकावं लागतं ना,” सिक्स्टन म्हणाला, आणि आपण काहीतरी फार खरं बोलून गेलो म्हणून घाईने बशा उचलायला लागला.

वसंत आला, आणि त्याबरोबर कमिटीचा निर्णय आला. अभ्यासगटाचं मत असं, की पॉडकास्ट हा व्यवसाय नाही, उपद्रव नाही, आणि मजकूर बहुतांशी बरोबर आहे. परवानगी दिली आहे. अभ्यासगट विसर्जित. सगळ्यांनी सिक्स्टनचं अभिनंदन केलं. खजिनदाराने पाठ थोपटली. सिक्स्टनचा चेहरा मात्र खटला हरल्यासारखा झाला होता.

गुरुवार आला. बेल वाजली नाही.

आता यापुढचं सिक्स्टनने जे केलं ते त्याच्यासारख्या प्रतिष्ठित माणसाला शोभणारं नव्हतं, पण सांगायला हवं. त्याने स्वतःविरुद्ध तक्रार केली. पॉडकास्टच्या सुरुवातीला आपण टपटप असा आवाज घालणार आहोत, तो रहिवाशांना त्रासदायक ठरेल काय, याचा अभ्यास व्हावा! खजिनदाराने उत्तर दिलं की व्हायला नको. मग सिक्स्टनने विचारलं, कोठीत जास्त वेळ दिवा जळतो, आगीचा धोका तपासावा काय? खजिनदाराने सुचवलं की दिवा बदलावा. कमिटी इतकी समजूतदार असू शकते हे बिल्डिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच सिद्ध होत होतं, आणि तेही नको त्या वेळी.

वर जाऊन बेल वाजवायची आणि विचारायचं, “ऐकतेस का अजून?” एवढाच प्रश्न. सिक्स्टन दोनदा जिना चढला. पहिल्यांदा पायपुसण्यापर्यंत पोहोचला. दुसऱ्यांदा जिन्यात यालमार भेटला आणि “कुठे निघालास?” असं त्याने साऱ्या बिल्डिंगच्या वतीने विचारलं, तेव्हा सिक्स्टन ‘पोटमाळ्यावर’ म्हणाला आणि खरोखरच पोटमाळ्यावर जाऊन जुन्या स्कीइंगच्या काठ्यांकडे थोडा वेळ पाहून परत आला.

शेवटी त्याने सापळा लावला. पुढच्या भागात अगदी सहज, घसा खाकरून, तो म्हणाला, “आणि सिंकखालच्या जोडातला तो रबरी वायसर. ती निव्वळ जुनी सवय आहे. जोड घट्ट पिळला की वायसरची काही गरज नसते.” इतकी धडधडीत चूक त्याने आयुष्यात केली नव्हती. बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या बाईने वायसरवरून डोकं आपटून घेतलं होतं, ती हे ऐकून नुसता जिना उतरणार नाही, पायऱ्या फोडत येईल!

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. कोणी आलं नाही.

शनिवारी सिक्स्टन गुन्वोरला म्हणाला, “बंद करतो.”

“का?”

“कोणी ऐकत नाही.”

“आधी तरी कोण ऐकत होतं?” गुन्वोर म्हणाली, पण मऊपणाने. मग तिने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि साखरही स्वतःच घातली. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी काळजी तिने क्वचितच घेतली होती.

रविवारी सकाळी तो माइक काढायला कोठीत गेला. दिवा लावला. काहीतरी टप्प करून त्याच्या मानेवर पडलं. त्याने वर पाहिलं. छतावर एक डाग होता, बशीएवढा, कडेला पिवळसर, आणि पाहता पाहता तो थाळीएवढा झाला. आत्याच्या फरकोटाची एक बाही ओल्या मांजरासारखी दिसत होती. माइकमधून पाणी गळत होतं.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता.  सिक्स्टनने बोटाने थेंब चाचपला. कोमट. किंचित साबणाचा वास. भांडी धुण्याच्या यंत्राचं पाणी. वरच्या घराचं स्वयंपाकघर, तिथला सिंक, सिंकखालचा जोड... आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

“गुन्वोर!” तो ओरडला. “गुन्वोर, ती ऐकते!”

गुन्वोर धावत आली. कोटांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “बादली आण,” ती म्हणाली.

वरती दार उघडंच होतं. इंगेयर्ड स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून टॉवेल पिळत होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. भोवती तळं. सिंकखालचं कपाट सताड उघडं, आणि ओट्यावर, एका स्वच्छ बशीत, काळा रबरी वायसर. प्रयोगातला नमुना ठेवावा तसा.

“जोड मी घट्ट पिळला होता,” ती वर न पाहता म्हणाली. “तू सांगितलंस तसाच. पहाटे यंत्र लावलं, पुन्हा झोपले. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

 लोक पाण्याबद्दल काय काय थापा मारतात, हे ऐकण्यात सिक्स्टनचा जन्म गेला होता. आता त्याला स्वतःला एक मारता आली असती. आटे झिजले असतील, पाइप जुना असेल, जोडाला चीर गेली असेल. तिने निमूट मान्य केलं असतं, तेच तर वाईट होतं.

“तुझं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.”

इंगेयर्डचा टॉवेल हातात तसाच राहिला. “मुद्दाम?”

“तू येशील म्हणून. चूक काढायला.”

तिने बशीतल्या वायसरकडे पाहिलं.

“सुरुवातीला मी सगळं तपासत होते,” ती म्हणाली. “प्रत्येक वाक्य. एकदाही सापडला नाहीस. मग सोडून दिलं. चाळीस वर्षं पोरांना सांगत आले की कोणाच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः करून पाहा. आणि एकाच माणसाच्या शब्दावर गेले.” तिने टॉवेल जोरात पिळला. “बेल वाजवता आली असती तुला, सिक्स्टन.”

“पायपुसण्यापर्यंत आलो होतो.”

“पायपुसण्यापर्यंत!” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या मागे आणखीही काही होतं, ते सिक्स्टनच्या दणकट माइकलाच पकडता आलं असतं. “मी यायची थांबले, कारण काम संपलं होतं. बिनकामाचं कोणाच्या घरी कसं जायचं?”

 सिक्स्टन आडवा झाला आणि सिंकखाली डोकं घातलं. बशीतला वायसर त्याने जागेवर बसवला. इंगेयर्डने बॅटरी धरली, आणि तो उलटा बसवतोयस असं दोनदा सांगितलं. एकदा ते खरं होतं.

दुपारी गुन्वोर कॉफीचा थर्मास आणि आत्याचा फरकोट घेऊन वर आली. कोट तिने इंगेयर्डच्या गच्चीत वाळत घातला. तो तिथे लटकलेला पाहून यालमारने खालून आरोळी ठोकली, की अस्वल पडलंय का गच्चीत! गुन्वोरने खाली वाकून सांगितलं की हो, आणि सोसायटीची परवानगी आहे.

दुरुस्तीचा भाग त्याच दिवशी व्हायला हवा, असा इंगेयर्डचा हुकूम होता. आणखी कोणी वायसर काढला असेल तर? कोणी नसेल ऐकलं, असं सिक्स्टन म्हणणार होता, पण नॉर्वेतल्या त्या माणसाची त्याला आठवण झाली. माइक मेला होता. कोठी ओली होती. तेव्हा इंगेयर्डच्या स्वयंपाकघरात, फोनवरच, दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली.

“गेल्या भागात मी एक चूक...” सिक्स्टनने सुरुवात केली.

“खोटं म्हण,” इंगेयर्ड म्हणाली. “चूक वेगळी.”

“गेल्या भागात मी एक खोटं...”

“आणि कोणता भाग ते सांग. लोकांना कसं कळणार?”

तो भाग ‘थेंब’चा सगळ्यात लांब भाग झाला. त्यात निम्मा वेळ सिक्स्टन बोलतो आणि निम्मा वेळ त्याला बोलू दिलं जात नाही. मागे यंत्राची घरघर आहे, कपांचा आवाज आहे, आणि मध्येच गुन्वोरचं हसूही आहे.

अंधार पडायच्या आत नवराबायको जिना उतरून घरी आली. सिक्स्टनने कोठीतली बादली रिकामी केली, छताच्या डागावर ऑफिसातल्या सवयीने पेन्सिलीने कड आखली, आणि शीळ घालत हात धुतले.

“मग?” गुन्वोरने विचारलं. “बंद करतोयस ना?”

“पुढच्या आठवड्यात छपरावरच्या पन्हाळींचा विषय आहे,” सिक्स्टन म्हणाला. “इंगेयर्ड गुरुवारी येतेय. तिला माझं मत अजिबात पटलेलं नाही.”

“काय आहे तुझं मत?”

“ते मी अजून कोणाला सांगितलेलंच नाही,” सिक्स्टन म्हणाला, आणि केस विंचरायला आरशाकडे गेला.